वामनदादांचं पहिलं गाणं: कोळशाच्या वखारीपासून चाळीच्या टाळ्यांपर्यंत

(ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही, किंवा रेंज नसल्यामुळे मधेच अडकला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कापली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

जालन्यातून बोलतोय. हेडफोन लावा, बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा. आज एका गाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याची सगळी गोष्ट नाही हं. फक्त सुरुवातीची.

झालं असं की मागे एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, एका मित्राने मला व्हिडिओ पाठवला. एक मुलगा, हातात ढोलकी, आवाज एकदम कडक. गाणं ऐकलं आणि खाली लिहिलेलं वाचलं: 'गीत: पारंपरिक'. म्हणजे कुणी लिहिलं माहीत नाही, पूर्वापार चालत आलंय. मी म्हटलं असेल बाबा. पण शेवटचं कडवं आलं आणि त्यात स्पष्ट ऐकू आलं, 'वामन'. कवीने स्वतःचं नाव गाण्यात घालून ठेवलंय, पोरगं ते नाव मोठ्याने गातंय, आणि खाली लिहितंय 'पारंपरिक'!

त्या पोराला मी नावं ठेवत नाहीये. मलाही शाळेत असताना असंच वाटायचं की ही गाणी कुणी लिहिलेली नसतात, ती असतातच. बोअरला पाणी असतं तशी. पण या गाण्यांना बाप आहे. त्याचं नाव वामन तबाजी कर्डक. आपण सगळे ज्यांना वामनदादा म्हणतो ते. स्वतः लिहायचे, स्वतः चाल बांधायचे, स्वतः गायचे. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही, कुठल्या घराण्याची तालीम नाही. आजच्या भाषेत म्हणायचं तर पक्के इंडिपेंडंट आर्टिस्ट.

तर आजचा प्रश्न असा: असा माणूस सुरुवात कुठून करतो? त्याच्याकडे सुरुवातीला नेमकं काय असतं?

देशवंडी ते शिवडी

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. वडील तबाजी, आई सईबाई. एक मोठा भाऊ, एक धाकटी बहीण. सिन्नरचा तो भाग म्हणजे पावसाच्या भरवशावरचा. आपल्या मंठा-परतूरकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. पाऊस आला तर दाणे, नाही तर डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विका, मिळेल ते काम करा.

शाळा? नाही. वामनदादा शाळेत शिकलेले नाहीत. लहानपण गुरांमागे आणि शेतात गेलं. पण कानावर गाणं होतं. त्या काळच्या खेड्यात गाणं शोधायला जावं लागत नव्हतं. जात्यावर ओवी, देवळात भजन, जत्रेत तमाशा. हे सगळं पोरांना फुकट मिळायचं.

मग वडील गेले आणि घर मुंबईला निघालं. आता आपल्याकडे दिवाळीच्या आसपास अंबड, घनसावंगी, मंठा या भागातून कोयत्यावर जाणाऱ्यांच्या गाड्या भरतात ना, तसं तेव्हा नाशिक, नगर, सातारा, कोकण इकडून लोक मुंबईच्या गिरण्यांकडे जायचे. सामान थोडं, माणसं जास्त. वामनदादांच्या आईला गिरणीत काम मिळालं. राहायला शिवडीची बीडीडी चाळ.

या चाळी आत्ता पुनर्विकासामुळे बातम्यांत असतात. इंग्रज सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे त्या बांधल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. म्हणजे खोलीत गुणगुणलं तरी शेजारच्याला ऐकू जाणार. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तरुण वामनने मुंबईत काय काय केलं? मातीच्या पाट्या वाहिल्या. कोळशाच्या वखारीत राबला. चिक्कीच्या कारखान्यात काम केलं. पुढे टाटा ऑईल मिलमध्ये लागला. आणि मनात काय होतं, तर सिनेमात नट व्हायचं! गावाकडून आलेल्या पोराला मुंबईत सगळ्यात मोठं काय दिसत असेल, तर सिनेमाचं पोस्टर. ते स्वप्न काही जमलं नाही. लग्न लवकर झालं होतं, ते टिकलं नाही. मीरा नावाची मुलगी होती, तीही लहानपणीच गेली. हे दुःख त्यांनी आयुष्यभर वागवलं. मी त्यावर जास्त बोलणार नाही, पण त्यांच्या गाण्यात आई आणि लेकरू इतक्या वेळा का येतं, हे ऐकताना लक्षात ठेवा.

पत्र वाचता आलं नाही, तिथून

आता गोष्टीतला महत्त्वाचा प्रसंग. वामनदादा अंगाने धडधाकट, कपडे ठीकठाक. मुंबईत त्यांना कुणीतरी एक पत्र हातात दिलं आणि म्हणालं, एवढं वाचून दाखवा. गावाकडून आलेलं पत्र. त्या काळी चाळीत हे रोजचंच. ज्याला वाचता येतं त्याच्याकडे बाकीचे जायचे. आणि वामनदादांना वाचता येईना.

विचार करा. वय विशीच्या आसपास. समोरचा माणूस आशेने बघतोय, कारण आतमध्ये त्याच्या घरची खुशाली आहे. आणि आपल्याला सांगावं लागतं की बाबा, मलाही येत नाही. ती लाज वामनदादांनी गिळून टाकली नाही, तिच्यावर काम केलं. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी अक्षरं शिकायला सुरुवात केली. बाराखडी, मग जोडाक्षरं. आणि सराव कुठे? रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचं. हे किराणाचं दुकान, हे केशकर्तनालय, हा चहा. अख्खी मुंबई म्हणजे उघडं पुस्तक.

मुंबईच्या कामगार वस्तीत असं शिकणारे ते एकटे नव्हते. अण्णा भाऊ साठे त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, १९२० चे. तेही शाळेत जेमतेम गेलेले, तेही मुंबईच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत शिकले. दोघांचे रस्ते पुढे वेगळे झाले, पण शाळा एकच होती. फुटपाथची.

एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. आपण म्हणतो ना, 'गाणं रक्तात असावं लागतं'. असेल. पण वामनदादांच्या बाबतीत गाण्याआधी अक्षर आलं. कानात चाली भरपूर होत्या, तोंडात भाषा होती. ओळ सुचली तर ती कागदावर धरून ठेवायची सोय नव्हती. ती सोय झाली आणि मग गाणं झालं. फार वेळ लागला नाही.

३ मे १९४३

तारीख लिहून ठेवा. ३ मे १९४३. वामनदादांना स्वतःला ही तारीख पक्की आठवायची. त्या दिवशी ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसले होते. तिथे त्यांनी एका हिंदी गाण्याचं विडंबन केलं. म्हणजे चाल तीच, शब्द आपले, गंमतीचे. तेच त्यांचं पहिलं गाणं. संध्याकाळी चाळीत आले आणि गाऊन दाखवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या.

बस, एवढंच. कुठलं मोठं क्रांतिगीत नाही. पहिलं गाणं म्हणजे आजच्या हिशोबाने एक मजेशीर कव्हर व्हर्जन. पण वीस वर्षांच्या, नुकती अक्षरं शिकलेल्या, दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पोराला त्या संध्याकाळी कळलं की मी जोडलेल्या शब्दांवर माणसं हसतात. त्यानंतर ते थांबले नाहीत. २००४ पर्यंत. मोजणारे त्यांच्या गाण्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगतात.

आता काही जण म्हणतील, चाल दुसऱ्याची, मग यात काय विशेष? इथे जरा थांबू. कारण लोकगाणं कसं काम करतं ते इथेच कळतं.

समजा तुम्हाला दोनशे माणसांसमोर गायचंय. माईक नाही. लोक दिवसभर राबून आलेत, अर्धे उभे आहेत. चाल नवी असेल तर पहिली दोन कडवी लोक चाल समजून घेण्यात घालवतात. शब्द हवेत जातात. पण चाल ओळखीची असेल तर पहिल्या ओळीलाच डोकं हलायला लागतं, आणि कान मोकळे राहतात ते शब्दांसाठी. दुसऱ्या कडव्याला लोक धृपद उचलून धरतात. गाणं संपेपर्यंत ते पाठ झालेलं असतं. कागद न देता, रेकॉर्ड न विकता गाणं दोनशे घरांत जातं.

म्हणून आपल्या परंपरेत चाल ही सामायिक विहीर समजली गेली. भजनाच्या चालीवर पोवाडा, लावणीच्या चालीवर प्रचारगीत, सिनेमाच्या चालीवर भीमगीत. तुमचं वेगळेपण कशात? तर शब्द कुठे ठेवला, यमक कसं मारलं, आणि रोजच्या बोलण्यातला शब्द गाण्यात किती सहज बसवला यात. वामनदादांची ताकद तिथे होती. भाकर, चुलीतला धूर, फाटकं लुगडं, मालकाची तिजोरी. लेख वाचून न कळणारी गोष्ट ते चार ओळींत म्हातारीला समजावू शकायचे. पुढे त्यांनी स्वतःच्याही भरपूर चाली बांधल्या. पण शिकायची सुरुवात झाली ती दुसऱ्याच्या चालीत आपले शब्द बसवून. मीटर कसं सांभाळायचं, श्वास कुठे घ्यायचा, कुठली ओळ लोकांनी परत म्हणावी, हे सगळं त्या विडंबनाने शिकवलं.

आणि दुसरं, ती संध्याकाळ आठवा. १६० चौरस फुटांची खोली, पातळ भिंती, भरलेली गॅलरी. चाळीत गाणं आवडलं तर लगेच कळतं, आणि नाही आवडलं तर त्याहून लगेच. आज आपण रील टाकतो आणि आकडा बघत बसतो. त्यांना चेहरे दिसत होते.

गंमतीपासून भीमगीतापर्यंत

मग विडंबन करणारा हा पोरगा भीमगीतांकडे कसा वळला?

शिवडीत ते समता सैनिक दलात होते. बाबासाहेबांनी उभी केलेली ही स्वयंसेवकांची संघटना. आणि त्याच १९४३ साली नायगावात त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्यांदा पाहिलं. एकाच वर्षात दोन गोष्टी. पहिलं गाणं आणि बाबासाहेब.

पण गाण्यातून चळवळ सांगायची पद्धत काही वामनदादांनी शोधून काढली नाही. ती आधीपासून होती. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्यातून सत्यशोधकी जलसे आले. साचा तमाशाचा, म्हणजे गण, वग, सवाल-जवाब सगळं. पण आशय बदललेला. भटशाही, सावकार, शिक्षण हे विषय. त्यातूनच पुढे १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यातलं मोठं नाव भीमराव कर्डक, तेही नाशिक जिल्ह्यातलेच. आडनाव एक, जिल्हा एक, त्यामुळे बरेच जण दोघांची गल्लत करतात. भीमराव कर्डक आधीच्या पिढीतले, जलसाकार. वामनदादा त्यांच्यानंतरचे.

फरक काय? जलसा म्हणजे अख्खं पथक. नट हवेत, वग हवा, तालीम हवी, रात्रभराचा खेळ. वामनदादांच्या पिढीत हे हळूहळू गायन पार्टीवर आलं. एक गायक, एक पेटीवाला, एक ढोलकी किंवा तबला, मागे झील धरणारे दोघं-तिघं. एसटीत बसून कुठेही जाता येईल एवढं सामान. आजही आपल्याकडे गावात जयंतीला 'गायन पार्टी ठरवली का?' असंच विचारतात ना, तो हाच प्रकार.

त्याच सुमाराला, १९४४ मध्ये, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. म्हणजे मुंबईच्या कामगार वस्त्यांत तेव्हा गाण्याला केवढी मागणी होती बघा. सभा म्हटली की आधी शाहीर. नेता यायला उशीर होणार हे ठरलेलं, तोवर गर्दी धरून ठेवायचं काम गाणाऱ्याचं. अशा ठिकाणी नवीन गाणाऱ्याला संधी मिळायची. दोन गाणी म्हण, लोकांनी धरलं तर तिसरं म्हण.

मग १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरची दीक्षा. आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. लाखो लोकांनी धर्म बदललेला, आणि मार्ग दाखवणारा माणूस नाही. जुने देव घरातून गेले, जुनी गाणी गेली. मग लग्नात काय म्हणायचं? बारशाला काय? मयतीला काय? ही जागा भरून काढणारी माणसं लागली, आणि वामनदादा त्या कामात आधीच तेरा वर्षं मुरलेले होते. म्हणून त्यांच्या गाण्यात सभेचं गाणं आहे तसं पाळणा आहे, आईचं गाणं आहे, नवरा-बायकोचं भांडण आहे. लोकांना जगायला जेवढी गाणी लागतात तेवढी.

पोट कशावर?

हा प्रश्न मला नेहमी पडतो, तुम्हालाही पडत असेल. घर कसं चालायचं?

स्वतंत्र लोकगायकाचं अर्थशास्त्र साधं आहे आणि अवघड आहे. गायन पार्टीला बिदागी मिळते, ती ठरवून. त्यातून पेटीवाला, ढोलकीवाला, झील धरणारे यांचं द्यायचं, प्रवासखर्च जायचा. वर एखाद्या कडव्याला खूश होऊन कुणी नोट हातात देतं, ते बक्षीस. हंगाम म्हणाल तर एप्रिल-मे जोरात, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरमध्ये महापरिनिर्वाण दिन. पावसाळ्यात सगळं थंड. म्हणजे शेतकऱ्यासारखंच. चार महिने पीक, बाकी वाट बघणं.

रेकॉर्ड कंपन्या तेव्हा होत्या. पण ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, आणि ती तबकडी विकत घेऊन घरी ग्रामोफोनवर वाजवणारा माणूस बीडीडी चाळीत कुठून असणार? ज्यांच्यासाठी गाणं होतं त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. त्यामुळे गाणं पोचवायचं तर स्वतः पायाने जाऊन. वामनदादा आयुष्यभर तसेच फिरले. आज या गावात, उद्या त्या. मुक्काम कुणाच्या तरी घरी, जेवण जे असेल ते. गाव सोडताना गाणं तिथल्या पोरांकडे ठेवून यायचं. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. मराठवाड्यातही असंच झालं. पुढे नामांतराच्या काळात, १९७८ ते १९९४, आपल्याकडच्या सभांमध्ये ही गाणी घुमायची. तुमच्या घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, एखादं तरी तोंडपाठ निघेल.

आणि आता हिशोब बघा. पहिलं गाणं १९४३. पहिला छापील संग्रह, 'वाटचाल', कधी? १९७३. तीस वर्षांनी! त्यानंतर 'मोहोळ' १९७६, 'हे गीत वामनाचे' १९७७. आत्मचरित्र 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ मध्ये. म्हणजे तीस वर्षं हा कवी पुस्तकात नव्हता, लोकांच्या तोंडात होता आणि पोरांच्या वह्यांत होता.

शेवटच्या कडव्यातलं नाव

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या व्हिडिओकडे परत येऊ.

तीस वर्षं पुस्तक नाही, रेकॉर्ड हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. मग गाणं आपलं आहे हे सिद्ध कसं करायचं? उत्तर आपल्या संतांनी देऊन ठेवलं होतं. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव. तुकोबांचं, नामदेवांचं, चोखोबांचं, जनाबाईचं. त्याला नाममुद्रा म्हणतात. शाहिरांनी तेच केलं. आणि वामनदादांनीही. शेवटच्या कडव्यात 'वामन' असा बसवायचा की तो काढला तर ओळ लंगडी पडली पाहिजे. नाव यमकात किंवा मात्रेत अडकलेलं असलं की चोराला ते सहज काढता येत नाही. त्या काळचा वॉटरमार्कच म्हणा!

पण वॉटरमार्क वाचणारा माणूसही लागतो. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, मग सीडी, मग मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं. दर टप्प्याला गाणं जास्त लोकांपर्यंत गेलं आणि कवीचं नाव थोडं थोडं गळत गेलं. वेळ कमी पडतोय म्हणून शेवटचं कडवं कापलं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये तर फक्त मुखडा उरतो. नाव नेमकं जिथे होतं तोच भाग गेला. उरतं काय, 'पारंपरिक'.

यात नुकसान कुणाचं? वामनदादा १५ मे २००४ ला गेले, त्यांना आता फरक पडत नाही. पण आपल्याला पडतो. 'पारंपरिक' म्हटलं की त्यातून वखार जाते, पत्र वाचता न आल्याची लाज जाते, राणीची बाग जाते. गरीब माणसाने डोकं लावून, घाम गाळून बनवलेली वस्तू आपोआप उगवल्यासारखी दिसायला लागते. आणि मग जालन्यातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला वाटतं, गाणी लिहिणारे लोक वेगळे असतात, आपल्यातले नसतात.

आज तुम्ही गाणं करताय?

मला माहितीये, ऐकणाऱ्यांपैकी काही जण करतात. मोबाईलवर बीट, खाली लिहिलेल्या ओळी, कुणी रॅप, कुणी भीमगीत, कुणी गवळण. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडुबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाईलच्या व्हिडिओंनी त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. म्हणजे दार उघडं आहे. तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो, वामनदादांच्या सुरुवातीवरून.

एक. गाणं तुमचं आहे हे कायद्याने सिद्ध करायला नोंदणी सक्तीची नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार तुम्ही शब्द लिहून काढलेत की हक्क तयार होतो. फक्त कधी लिहिलं याचा पुरावा ठेवा. तारीख टाकलेली वही, स्वतःला पाठवलेला मेल, काहीही. वामनदादांची ३ मे पंचवीस वेळा सांगितली ती यासाठीच.

दोन. हा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत जिवंत आहे. 'जुनं गाणं आहे, चालतं' असं कायदा म्हणत नाही. गाताना आनंदाने गा, पण व्हिडिओच्या खाली 'गीत: वामनदादा कर्डक' लिहायला काय लागतं? दहा सेकंद.

तीन. २०१२ मध्ये या कायद्यात महत्त्वाचा बदल झाला. गीतकाराने कंपनीला गाणं दिलं तरी त्यावरच्या रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला कायमचा लिहून देता येत नाही. त्यामुळे कुणी 'पाच हजार घे आणि सगळे हक्क दे' असा कागद पुढे केला, तर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा.

चार, आणि इथे जरा गंमत आहे. वामनदादांचं पहिलं गाणं आज यूट्यूबवर टाकलं असतं तर? चाल हिंदी सिनेमाची. त्यांच्या यंत्रणेने ओळखली असती, आणि गाण्याचे पैसे चालीच्या मालकाला गेले असते, किंवा व्हिडिओच अडवला असता. सामायिक विहिरीला आता कुलूप आहे. म्हणून सराव ओळखीच्या चालीवर जरूर करा, गल्लीत, गच्चीवर, गणपतीत, जयंतीत. पण स्वतःच्या नावाने जगासमोर ठेवायचं ते गाणं स्वतःच्या चालीचं असू द्या. ओवी, भारूड, पाळणा यांच्या जुन्या चाली अजून कुणाच्या मालकीच्या नाहीत, त्या आपल्या सगळ्यांच्या आहेत.

तर सुरुवातीचा प्रश्न होता, असा माणूस सुरुवात कुठून करतो. वामनदादांकडे तेव्हा शिकलेली ताजी अक्षरं होती, उसनी चाल होती, आणि संध्याकाळी ऐकायला बसलेली चाळ होती. तिन्हीपैकी एकालाही पैसे पडले नव्हते. पण अक्षरांसाठी आधी मला येत नाही हे कबूल करावं लागलं. चालीसाठी कान उघडा ठेवावा लागला. आणि चाळीसमोर उभं राहायला धाडस लागलं, कारण टाळ्याच पडतील याची खात्री त्या संध्याकाळी नव्हती.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या गावात एखादे म्हातारे गायक असतील, गायन पार्टीत पेटी वाजवलेले, झील धरलेले. त्यांच्याकडे जुनी वही असेल, कदाचित उंदराने कुरतडलेली. या रविवारी जा, चहा प्या, परवानगी घ्या आणि वहीचे फोटो काढा. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं नीट बघा. वामन निघेल, किंवा तुम्ही कधी न ऐकलेलं दुसरंच नाव निघेल, तुमच्याच तालुक्यातलं. ते नाव गाण्यासोबत लिहून ठेवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर गात राहा, आणि शेवटचं कडवं कापू नका. जय भीम, नमस्कार.